पालक सभेला आईनं कशाला जायचं?

  आज आपण कर्ज, हप्ता, व्याज यावर बोलणार नाही. ते दर महिन्याच्या बैठकीत होतंच. आज बोलायचं आहे ते मुलांच्या शाळेतल्या पालक सभेबद्दल.

कुठं तिला पालक मेळावा म्हणतात, कुठं पालक-शिक्षक भेट. तालुक्याच्या इंग्रजी शाळेत ‘ओपन हाऊस’ म्हणतात. नाव कोणतंही असो, काम एकच. त्या दिवशी शाळेचं दार पालकांसाठी उघडं असतं. वर्गात जाता येतं, वह्या-पेपर बघता येतात, प्रगती पुस्तक हातात घेता येतं आणि शिकवणाऱ्या सर-बाईंशी समोरासमोर बोलता येतं.

आम्ही गटागटात विचारतो, “मागच्या पालक सभेला कोण कोण गेलं होतं?” तर हात मोजकेच वर होतात. ज्यांची मुलं पहिली-दुसरीत आहेत, त्या जातात. मूल लहान असतं, त्याला सोडायला-आणायला आपण शाळेत जातच असतो. पण मूल सहावी, सातवी, आठवीत गेलं की हात खाली येतात. कारणं विचारली तर तीही ठरलेली. “रोज बुडतो.” “पोरगं म्हणतं, तू येऊ नको.” “त्याचे वडील जातील.” आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं, “आम्हाला कुठं लिहिता-वाचता येतं? तिथं जाऊन आम्ही काय बोलणार?”

आज या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आपण शोधू. काय बोलायचं, काय बघायचं, आणि अक्षर येत नसलं तरी ते कसं जमतं.

सहावी ते आठवी हीच वर्षं महत्त्वाची का?

लहान वर्गात एकच बाई किंवा गुरुजी सगळं शिकवतात. त्यांना प्रत्येक मूल माहीत असतं. सहावीपासून बहुतेक शाळांत गणिताला वेगळे सर, भाषेला वेगळ्या बाई, विज्ञानाला आणखी कुणी. मूल एका विषयात मागं पडलं तर दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाच्या ते लक्षात येत नाही. अभ्यासही बदलतो. बेरीज-वजाबाकीवरून गाडी अपूर्णांक, शेकडेवारी, समीकरण यांच्यावर जाते. चौथीत भागाकार कच्चा राहिला असेल तर तो इथं आडवा येतो. मूल तसं सांगत नाही. ते फक्त म्हणतं, “गणित मला आवडत नाही.”

याच वयात मुलं बोलायची कमी होतात. मुलींची पाळी सुरू होते, मुलांचा आवाज फुटतो. शाळेत काय झालं हे घरी सांगायची सवय सुटते. आणि याच वयात घरातलं काम त्यांच्या अंगावर येतं. धाकट्याला सांभाळ, शेळ्या घेऊन जा, कापूस वेचायला चल. एक दिवस शाळा बुडते, मग दोन दिवस. शाळा एका दिवसात सुटत नाही. ती अशी हळूहळू सुटते. पुष्कळ गावांतली शाळा सातवीला किंवा आठवीला संपते आणि पुढच्या वर्गासाठी दुसऱ्या गावाला जावं लागतं. तिथं मुलीची गाडी अडते. “आता पुरे झालं शिक्षण” हे वाक्य तेव्हा घरात येतं, आणि त्याच्या मागोमाग स्थळं यायला लागतात.

म्हणून या तीन वर्षांत आईला शाळेत काय चाललं आहे हे माहीत असायला हवं. आठवीच्या शेवटी कळून फारसा उपयोग नसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पूर्वी आठवीपर्यंत कुणालाच त्याच वर्गात मागं ठेवत नसत. २०१९ मध्ये केंद्राच्या कायद्यात बदल झाला, आणि आपल्या राज्यात २०२३-२४ या शाळेच्या वर्षापासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. त्यात जमलं नाही तर मुलाची पुन्हा एकदा परीक्षा घेतात. त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात राहावं लागतं. म्हणजे सातवीत कच्चं काय आहे हे दिवाळीच्या सुमाराला कळलं, तर हाताशी दीड वर्ष असतं. आठवीच्या उन्हाळ्यात कळलं तर हाताशी काही आठवडेच.

सभा घेणं हे शाळेचं काम आहे

आपल्याला वाटतं, सर बोलावतात ही त्यांची मेहेरबानी. तसं नाही. मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तो आहे. त्यात शिक्षकांची कामं लिहिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणं, मुलाची हजेरी कशी आहे, त्याला काय जमतं, त्याची प्रगती किती झाली हे पालकांना सांगणं, हे त्या कामांतच येतं. म्हणजे आपण विचारलं तर आगाऊपणा होत नाही. आपण विचारायचं आहे आणि त्यांनी सांगायचं आहे, असं कायद्यानंच ठरवलं आहे.

सभा दोन तऱ्हेची असते हेही समजून घ्या. एक मोठी सभा. सतरंजी टाकलेली, पुढं टेबल, मुख्याध्यापक बोलतात, सरपंच बोलतात, शाळेला रंग द्यायचा आहे, भिंत बांधायची आहे असं सांगतात, चहा होतो आणि सभा संपते. या सभेत आपल्या मुलाबद्दल एक अक्षर कळत नाही. दुसरी भेट एकेका पालकाची. शिक्षक, आपण आणि आपल्या मुलाची वही. खरं काम या दुसऱ्या भेटीत होतं. मोठी सभा झाली की लगेच उठून घरी येऊ नका. वर्गशिक्षकांना सांगा, “सर, मला पाच मिनिटं माझ्या मुलीबद्दल बोलायचं आहे.” त्या दिवशी गर्दी असेल तर दुसरा दिवस मागून घ्या. वार आणि वेळ ठरवूनच बाहेर पडा.

जायच्या आदल्या रात्री

तयारी फार नाही. जेवणं झाली की मुलाला जवळ घ्या आणि त्याचं दप्तर बघा. “मला वाचता येत नाही, मी वही काय बघू?” असं म्हणू नका. वही वाचायला अक्षर लागतं, वही बघायला डोळे पुरतात.

वहीत कोरी पानं किती आहेत ते बघा. मधेच दहा-दहा पानं कोरी असतील तर त्या दिवसांत मूल शाळेत नव्हतं, किंवा बसून होतं. लाल शाईच्या खुणा आहेत का बघा. एकाच वहीत लाल गोल आणि फुल्या जास्त असतील तर त्या विषयात अडचण आहे. लाल शाई कुठंच नसेल तर वही तपासलीच गेली नाही, हेही कळतं. वही सुंदर आहे, अक्षर टपोरं आहे, एवढ्यावर खूश होऊ नका. फळ्यावरचं बघून उतरवलेलं असू शकतं. म्हणून दोन गोष्टी करून घ्या. मराठीच्या पुस्तकातलं मधलं एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. अडखळतं का, बोट ठेवून एकेक अक्षर जोडतं का, ते कानाला कळतं. मग एक भागाकार आणि एक व्याजाचा हिशोब सांगा.

व्याजाचा हिशोब आपल्यापेक्षा चांगला कुणाला येतो? गटातून पाच हजार रुपये घेतले, महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज, तर तीन महिन्यांचं व्याज किती? आपण तोंडी सांगतो, तीनशे. शंभराला दोन, म्हणजे हजाराला वीस, पाच हजाराला शंभर, तीन महिन्यांचे तीनशे. शेकडेवारी आणि सरळव्याज म्हणून सहावी-सातवीच्या गणितात हेच आहे. जी बाई गटाचं रजिस्टर सांभाळते किंवा स्वतःचा हप्ता तोंडी काढते, ती आपल्या मुलाचं गणित तपासू शकते. “आम्ही अडाणी” हे म्हणायचं आता सोडून द्यायला हवं.

मुलाला एक प्रश्नही विचारा, “उद्या मी शाळेत जाणार आहे. सरांना तुझ्यासाठी काय सांगू?” पहिल्यांदा ते खांदे उडवील. थोडं थांबा. “मला मागच्या बाकावरून दिसत नाही.” “अमुक पोरं चिडवतात.” “इंग्रजीच्या तासाला काहीच कळत नाही.” असं काहीतरी निघतं. ते लक्षात ठेवा. तीन प्रश्न ठरवा, तीनच. लिहिता येत नसेल तर मुलाकडून किंवा शेजारच्या वहिनीकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. नाहीतर पदराला तीन गाठी मारा.

शिक्षकांसमोर बसल्यावर

आपण बहुतेक जणी एकच प्रश्न विचारतो, “कसा आहे माझा पोरगा?” आणि उत्तरही एकच मिळतं, “ठीक आहे, अभ्यास करायला सांगा.” प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघम येतं. म्हणून प्रश्न नेमका करायचा.

“तो कशात अडतो?” असं विचारा. “मराठीचं पुस्तक न अडखळता वाचतो का? भागाकार येतो का? अपूर्णांक येतो का?” असं एकेक विचारा. “जूनपासून किती दिवस गैरहजर आहे, हजेरीपटावर बघून सांगता का?” हा प्रश्न तर प्रत्येकीनं विचारायचा. सहावी ते आठवीची शाळा वर्षात निदान २२० दिवस भरावी असं कायदा सांगतो. महिन्याला चार दिवस बुडाले तर दहा महिन्यांत चाळीस दिवस होतात. चाळीस दिवस म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांची शाळा गेली. चार दिवस म्हणताना ते लहान वाटतात, बेरीज केली की कळतं.

“कुणाबरोबर बसतो, मधल्या सुट्टीत एकटा असतो का?” हेही विचारा. आणि शेवटी, “घरी मी काय करू, ते एक काम सांगा.” दहा कामं सांगितली तर एकही होत नाही. एक सांगितलं तर होतं.

आता प्रगती पुस्तक. त्यात प्रत्येक विषयापुढं श्रेणी दिलेली असते. ती समजून घेणं अवघड नाही. शंभरात ९१ ते १०० मिळाले तर अ-१, ८१ ते ९० ला अ-२. ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२. ५१ ते ६० ला क-१, ४१ ते ५० ला क-२. ३३ ते ४० ला ड. त्याखाली इ-१ आणि इ-२. एखाद्या विषयात ड किंवा इ दिसली तर तिथं मुलाला आधार हवा आहे. क-२ असेल तरी लक्ष ठेवा. फक्त यंदाची श्रेणी बघू नका, मागच्या सत्राची शेजारी ठेवा. ब वरून क वर आलेलं मूल आणि ड वरून क वर गेलेलं मूल, दोघांची श्रेणी एकच, पण एक घसरतं आहे आणि एक चढतं आहे. श्रेणीखाली शिक्षकांनी दोन ओळी लिहिलेल्या असतात. त्या वाचून दाखवायला सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. मुलाला समोर उभं करून सगळ्यांदेखत त्याची उणीदुणी काढू नका. “घरी ऐकतच नाही, चांगलं बडवा त्याला,” असं पुष्कळ जणी कौतुकानं म्हणतात. शाळेत मुलाला मारणं आणि टोचून बोलून छळणं या दोन्हींना कायद्यानं मनाई आहे. आपण परवानगी दिली तरी ती चालत नाही. आणि आईनंच मार देववला की मूल त्या दिवसापासून तिला शाळेतलं काही सांगत नाही.

मुलींच्या आया, एवढं जास्तीचं बघा

एका गावातली गोष्ट सांगतो. सातवीतल्या एका मुलीची आई सभेला गेली. हजेरीपट उघडला तर दर महिन्यात तीन-चार दिवस लागोपाठ गैरहजेरी. सर म्हणाले, “घरकामाला ठेवता वाटतं.” आई म्हणाली, “मी एक दिवससुद्धा ठेवलेली नाही. ती डोकं दुखतं, पोट दुखतं म्हणून घरी राहते.” घरी येऊन तिनं मुलीला शांतपणे विचारलं. मुलींच्या शौचालयात पाणी नव्हतं. नळ मोडून कित्येक महिने झाले होते, दाराला आतून कडी नव्हती. पाळीच्या दिवसांत मुली घरीच राहत होत्या. एकटीच नव्हे, वर्गातल्या आणखीही. शिक्षकांना ते दिसलं नाही, मुली बोलल्या नाहीत, आणि हजेरीपटावर त्याचं कारण ‘घरकाम’ असं समजलं गेलं.

त्या आईनं गटाच्या बैठकीत हे सांगितलं. चौघी-पाचजणी मिळून मुख्याध्यापकांकडं गेल्या, शाळा व्यवस्थापन समितीपुढं विषय ठेवला. नळ बसला, कडी बसली, बादली-मग आला. खर्च फार मोठा नव्हता. कुणीतरी हजेरीपट बघून ‘का?’ असं विचारायची गरज होती, आणि ते आईनं विचारलं.

म्हणून सभेला गेलात की शौचालयापर्यंत चालत जा. मुलींसाठी वेगळं आहे का, पाणी आहे का, कडी लागते का, बघा. कायद्यानं शाळेत मुलगे आणि मुलींसाठी वेगळी शौचालयं आणि पिण्याचं पाणी असायलाच हवं.

लोहाच्या गोळ्यांचं विचारा. सहावीपासून पुढच्या मुला-मुलींना आठवड्यातून एक निळी गोळी शाळेत देतात. ती रक्त वाढीची आहे. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, म्हणून मुली फेकून देतात. जेवणानंतर घ्यायची हे घरी समजावून सांगा. आरोग्य तपासणीसाठी डॉक्टरांचं पथक शाळेत येतं, त्यात आपल्या मुलाचं काय निघालं ते विचारा. डोळ्याचा नंबर अनेकदा तिथंच कळतो. फळा दिसत नाही म्हणून मूल मागं पडतं आणि आपण त्याला ढ समजतो, असं व्हायला नको.

सुरक्षिततेचं विचारा. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमायची आहे. तिच्यात कोण आहे, तक्रारपेटी कुठं लावली आहे, ती कोण उघडतं, हे विचारा. आणि घरी मुलीला १०९८ हा नंबर पाठ करून घ्या. अडचणीतल्या मुलांसाठीचा तो फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि मुलगी सातवी-आठवीत असेल तर पुढच्या वर्गाचं त्याच दिवशी विचारा. “इथली शाळा संपल्यावर जवळची शाळा कोणती? गावातून आणखी कोण मुली जाणार आहेत?” पाचवीपासून बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे. त्याचा कागद कुठून घ्यायचा, विचारा. चार मुली मिळून जाणार असं ठरलं की घरातल्या माणसांची निम्मी काळजी मिटते. ‘एकटी कशी पाठवू’ हा प्रश्न जूनमध्ये सोडवायला बसलो तर शाळाच राहून जाते. तो जानेवारीतच सोडवायचा असतो.

कागदाची कामं त्याच फेरीत

गेलाच आहात तर रोजंदारी बुडवलेल्या दिवसाचा पुरा वापर करा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जात कशी लिहिली आहे ते दाखवायला सांगा. आधार कार्ड शेजारी ठेवून ताडून घ्या. एका काना-मात्रेची चूक असली तरी शाळेत असतानाच अर्ज द्या. शाळा सोडल्यावर ती दुरुस्त करून घेणं फार जिकिरीचं होतं.

आठवीच्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतलं मूल असावं, घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं आणि सातवीत ५५ टक्के गुण असावेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५० टक्के चालतात. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत दर वर्षी १२,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस हजार. एवढं कर्ज घ्यायचं तर आपण किती फेऱ्या मारतो! इथं फेरी एकच, आणि परत फेडायचं नाही. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा आणि सरांना सातवीतच सांगून ठेवा, “माझ्या मुलाला बसवायचं आहे.”

दुपारच्या पोषण आहाराकडंही एक नजर टाका. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम धान्य ठरलेलं आहे, पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम. आपल्यातल्याच कुणी ताई तो शिजवत असतील. त्यांना दोष द्यायला नको, पण तांदूळ वेळेवर येतो का, डाळ पुरते का, हे त्यांनाच विचारलं तर खरं कळतं.

ज्या घरांना ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जावं लागतं, त्यांनी निघण्याआधी शाळेत जाऊन शिक्षण हमी कार्ड मागावं. ते दाखवलं की मुलाला जिथं जाल तिथल्या शाळेत बसता येतं. वर्षाच्या मधे आलात म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. गावात आजीजवळ मूल ठेवून जाणार असाल तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, तेही विचारा. आणि आजीला सांगून ठेवा, सभेला तुम्ही जायचं.

शाळा आपलं ऐकत नसेल तर?

कधी कधी असंही होतं. शिक्षक घाईत असतात, नीट बोलत नाहीत. आपण आवाज चढवला तर त्याचा राग मुलावर निघेल अशी भीती वाटते. ती भीती खोटी नाही. म्हणून एकटीनं जाऊ नका, दोघी जा. एक बोलेल, दुसरी ऐकेल. दोघींच्या पुढं कुणी सहसा वेडंवाकडं बोलत नाही. आणि सुरुवात चांगल्या शब्दानं करा. “बाई, तुम्ही शिकवलेली कविता ती घरी म्हणून दाखवते,” एवढं म्हटलं तरी समोरचं माणूस ऐकायला बसतं. शिक्षकांवरही पन्नास कामांचा बोजा असतो. त्यांच्याशी भांडायला आपण गेलेलो नसतो, आपल्या लेकरासाठी त्यांना जोडून घ्यायला गेलेलो असतो.

तरीही प्रश्न सुटला नाही तर शाळा व्यवस्थापन समिती आहे. त्या समितीत शंभरातले पंचाहत्तर सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या जागा बायकांच्या. अध्यक्ष पालकांतूनच असतो. आपल्या गावच्या समितीत कोणत्या बायका आहेत? त्यांना स्वतःला माहीत आहे का, की आपण समितीत आहोत? का सही पुरतंच नाव आहे? एवढं शोधलं तरी पुष्कळ झालं. पुढच्या वेळी समिती निवडायची पालकांची सभा होईल तेव्हा गटातल्या दोघी-तिघींनी तिथं असावं.

घरी आल्यावर

मूल दारातच वाट बघत असतं. सर काय म्हणाले, याची त्याला धाकधूक असते. आल्या आल्या पहिलं वाक्य चांगलं सांगा. प्रत्येक मुलाबद्दल एक तरी चांगली गोष्ट असते. मग अडचण सांगा, आणि ती दोघांची आहे असं सांगा. “तुला भागाकार येत नाही” याऐवजी “रोज दोन भागाकार आपण दोघं करू” असं. शेजारच्या पोराशी बरोबरी नको. सरांनी सांगितलेलं ते एक काम महिनाभर करा. रोज संध्याकाळी अर्धा तास, टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. तुम्ही भाकरी थापत असाल, भाजी निवडत असाल, तरी त्यानं शेजारी बसून मोठ्यानं वाचावं. तुम्हाला अक्षर येत नसलं तरी अडखळल्याचं कळतं. आणि महिन्यानं शाळेत पाच मिनिटं जाऊन विचारा, “फरक पडला का?” दुसऱ्यांदा आलेली आई शिक्षकांच्या लक्षात राहते. तिचं मूलही लक्षात राहतं.

गटानं काय करायचं

हे एकटीनं करायचं म्हटलं तर जड जातं. गटानं केलं तर सोपं होतं. शाळेच्या सभेची तारीख गटाच्या बैठकीत सांगायची, तीही आठ दिवस आधी. त्या दिवशी मजुरीला जायचं नसेल तर मुकादमाला किंवा शेतमालकाला सगळ्यांनी मिळून आधी सांगायचं. दोन तास उशिरा येऊ म्हटलं तर बहुतेक वेळा जमतं. सभा दुपारी असते म्हणून जाता येत नसेल तर मुख्याध्यापकांना विनंती करायची, सकाळी लवकर किंवा बाजाराच्या दिवशी ठेवा. चार-पाच गटांनी मिळून विचारलं तर शाळा ऐकते, कारण सभेला माणसं यावीत असं त्यांनाही वाटत असतं. लहान लेकरं सांभाळायला एकीनं मागं थांबायचं, तिच्या मुलाची विचारपूस दुसरीनं करून यायची. लिहिता येणारी एक आणि न येणारी एक, अशा जोड्या लावायच्या.

आणि वडिलांनाही न्या. ‘शाळेचं आईनं बघायचं’ असं नको, आणि ‘सभेला बाप्यांनी जायचं’ असंही नको. मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा निर्णय घरात होतो तेव्हा वडिलांच्या कानावर शिक्षकांचे शब्द आधीच पडलेले असावेत. “तुमची मुलगी गणितात पुढं आहे, तिला थांबवू नका,” हे आपण दहा वेळा सांगून होत नाही, ते सरांनी एकदा सांगून होतं, असं आम्ही पाहिलं आहे.

मैत्रिणींनो, आपण कर्ज देताना बाईचं घर बघतो, धंदा बघतो, हप्ता भरील का बघतो, आणि दर महिन्याला विचारतो. मूल शाळेत घालून आठ वर्षं विचारायचंच नाही, हे आपल्या हिशोबात बसत नाही.

तर या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. कर्जवाटप झालं की रजिस्टर मिटायच्या आधी पाच मिनिटं ठेवा. गटातल्या सहावी ते आठवीच्या मुलांची नावं लिहा. प्रत्येक नावापुढं लिहा, शाळेत शेवटचं कोण आणि कधी जाऊन आलं. जिथं रकाना रिकामा राहील, त्या आईबरोबर जायला एक मैत्रीण ठरवा. पुढच्या महिन्यात तो रकाना भरलेला असू द्या.

भेटू या पुन्हा, याच वारी, याच वेळी. नमस्कार.